पानवलचा पूल घरात: मॉडेल रेल्वेसाठी उंच पूल वरून खाली कसा बांधावा

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर उंच काही उभारायचं म्हटलं की बहुतेकजण प्लायच्या सपाट टेबलावरून वर चढायला लागतात. रूळ दहा-बारा सेंटिमीटर उचलायचा, खाली खांब लावायचे. दरीवरचा पूल म्हणून जे उभं राहतं ते बायपासवरच्या उड्डाणपुलासारखं दिसतं. शिवाय चढाचा हिशेब वेगळाच. दोन टक्के चढाने बारा सेंटिमीटर चढायला सहा मीटर रूळ लागतो, उतरायला आणखी सहा. घरात एवढी जागा असणारे भाग्यवान थोडेच.

उंची मिळवायची ती रुळाच्या खाली. रूळ आहे त्याच पातळीवर राहू द्यायचा आणि जमीन खाली न्यायची. कामाचा क्रमही तसाच लावायचा: आधी रूळ, मग तुळई, मग खांब, आणि पाया नि दरी सगळ्यात शेवटी. खरा पूल बांधणारे इंजिनिअर नेमकं उलटं करतात, कारण त्यांना आधी पायाच लागतो. आपल्याला मात्र गाडी रुळावरून न घसरणं हे पहिलं आणि दिसायला उंच दिसणं हे दुसरं. दोन्ही गोष्टी वरून खाली आल्यानेच साधतात.

उदाहरणाला आपण कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा पूल घेऊ. पनवेल नव्हे, रत्नागिरी सोडून गाडी निवसरकडे निघाली की लागणारं पानवल. उंची ६४ मीटर, लांबी ४२४ मीटर, एकेरी ब्रॉडगेज मार्ग, पोकळ काँक्रीटचे खांब आणि त्यांवर सलग काँक्रीटची पेटीच्या आकाराची तुळई. मधले गाळे, म्हणजे दोन खांबांमधली अंतरं, ४० मीटरचे, दोन्ही टोकांचे ३० मीटरचे. गंमत अशी की या पुलावरून जाणाऱ्या प्रवाशाला पूल दिसतच नाही. खिडकीतून खाली झाडांचे शेंडे दिसतात, एवढंच. तो पाहायचा तर दरीत उतरावं लागतं. मॉडेलमध्ये आपण तीच बाजू मांडणार आहोत.

माप आणि काटछाट

एचओ स्केल म्हणजे १:८७. त्या मापाने ६४ मीटरचे होतात साधारण ७३.५ सेंटिमीटर, ४२४ मीटरचे ४.८७ मीटर आणि ४० मीटरच्या एका गाळ्याचे ४६ सेंटिमीटर. एन स्केलमध्ये, म्हणजे १:१६० ला, हाच पूल ४० सेंटिमीटर उंच आणि २.६५ मीटर लांब होतो. लांबलचक भिंत मोकळी असेल तर एनमध्ये अख्खा पूल जसाच्या तसा बसेल, आणि तसा तो बसवणाऱ्याला माझा नमस्कार. बाकीच्यांना कात्री लावावी लागते. (एचओ म्हणजे नक्की केवढं हे डोळ्यांत बसलं नसेल तर पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. तिथे तासभर घालवून या, कॅटलॉगपेक्षा जास्त कळेल.)

कात्री लावताना एक चूक हमखास होते. उंची कमी करायची आणि गाळे पूर्ण मापाचे ठेवायचे. उंची ४५ आणि गाळा ४६ सेंटिमीटर झाला की पूल बसका दिसतो, मग तुम्ही खांब कितीही नाजूक करा. पानवलचा पूल उंच वाटतो तो ६४ मीटरमुळे जेवढा, तेवढाच ६४ ला ४० या प्रमाणामुळे. उंची गाळ्याच्या १.६ पट आहे. हे प्रमाण सोडायचं नाही. उंची ४५ सेंटिमीटरवर आणली तर गाळा २८ वर आणायचा. टोकाचे गाळे मधल्यांच्या पाऊणपट, म्हणजे २१. सलग तुळईत टोकाचे गाळे आखूडच ठेवतात, त्यामुळे हे डोळ्यांना आपोआप बरोबर वाटतं.

गाळ्यांची संख्या मात्र बिनधास्त कमी करा. खऱ्या पुलाला अकरा गाळे आहेत, आपण पाच घेऊ: २१, २८, २८, २८, २१. एकूण १२६ सेंटिमीटर, चार खांब. पाचांऐवजी चार गाळे केले तर खांब तीन होतात आणि एक खांब नेमका दरीच्या मधोमध, वहाळाच्या पात्रात येऊन बसतो. विषम गाळे ठेवले की मधला गाळा वहाळावर मोकळा मिळतो.

आता पहिलं प्रत्यक्ष काम. खाकी कागदाच्या रोलवर पुलाचं समोरून दिसणारं चित्र पूर्ण मापात काढा आणि ज्या भिंतीपाशी लेआउट येणार आहे तिथे, रूळ ज्या उंचीवर असेल त्याच उंचीवर चिकटवा. आठवडाभर तसंच राहू द्या, येता-जाता बघा. घरच्यांचा आक्षेप असेल तर तो याच आठवड्यात निघेल, आणि कागदावरचा आक्षेप प्लायवरच्यापेक्षा स्वस्त पडतो. रुळाची उंची जमिनीपासून १२५ ते १३० सेंटिमीटर ठेवा. उभ्या माणसाच्या छातीपाशी रूळ आला की दरीत नजर आडवी शिरते आणि खुर्चीवर बसलं तर पूल चक्क वर बघावा लागतो. तोच लेआउट कमरेइतक्या उंचीवर ठेवला तर आपण हेलिकॉप्टरमधून बघितल्यासारखं बघतो आणि सगळी उंची वाया जाते.

चौकट: दरीसाठी जागा

अखंड प्लायचं टेबल असेल तर ते पुलाच्या भागात कापावं लागेल. नव्याने करत असाल तर तीन तुकड्यांत विचार करा: डावीकडचा डोंगर, उजवीकडचा डोंगर आणि मध्ये खाली गेलेला दरीचा ओटा. दोन्ही डोंगरांच्या चौकटी दोन बाय एक इंची पाइनच्या पट्ट्यांच्या, वर १२ मिलीमीटर प्लाय फक्त रूळ जाईल तेवढ्याच पट्ट्यात. दरीच्या ओट्याला १८ मिलीमीटर प्लाय. तो रुळाच्या पातळीपासून ५० सेंटिमीटर खाली बसवा. ४५ ची दरी हवी असताना ५० का, तर खालचे पाच सेंटिमीटर वहाळाचं पात्र, खडक आणि खांबांच्या तळाच्या पाचरी गिळतात.

तिन्ही तुकडे बोल्टने एकमेकांना जखडायचे, पण त्याआधी रुळाची पातळी दोन्ही डोंगरांवर एक आहे का ते पाहायचं. इथे लेझर लेव्हलपेक्षा गवंड्याची पाण्याची नळी मला जास्त भरवशाची वाटते. पारदर्शक नळीत पाणी भरा, बुडबुडे काढून टाका, दोन्ही टोकं दोन्ही डोंगरांवर धरा आणि पाण्याची रेघ जुळवा. खोलीची फरशी उताराची असली तरी पाणी खोटं बोलत नाही.

प्लाय आणि एमडीएफ वापरायच्या आधी सगळ्या बाजूंनी सीलर मारा, कापलेल्या कडांना दोनदा. कोकणात आणि मुंबईत जूनपासून हवेत जी ओल असते ती एमडीएफच्या उघड्या कडेतून आत जाते आणि कडा फुगतात. फुगलेली कड परत बसत नाही.

आकाशाचा पडदा, म्हणजे मागचा निळा फलक, रुळापाशी थांबवू नका. तो दरीच्या ओट्यापर्यंत खाली न्या. ही गोष्ट आधी केली नाही तर नंतर खांबांच्या मागे हात घालून रंगवायची वेळ येते.

तुळई

अॅल्युमिनियम सेक्शनच्या दुकानातून, जिथे खिडक्यांचं सामान मिळतं, दीड बाय एक इंची आयताकृती नळी आणा. भिंतीची जाडी दीड मिलीमीटर पुरे. दुकानातच डोळ्यापाशी धरून ती सरळ आहे ना ते बघून घ्या. १२६ सेंटिमीटरच्या पुलासाठी १३४ कापा, म्हणजे दोन्ही टोकांना चार-चार सेंटिमीटर टेकायला मिळतील. नळी आडवी ठेवायची: दीड इंच रुंदी, एक इंच उंची.

लाकडी पट्टी का नको? लाकूड पिळतं. आणि या नळीचा दुसरा फायदा सगळ्या कामाचं स्वरूपच बदलून टाकतो. ही नळी फक्त दोन टोकांवर टेकवून मधोमध अर्धा किलोचं इंजिन उभं केलं तर वाक पाव मिलीमीटरच्याही आत राहतो. म्हणजे खांब नसले तरी गाडी चालते. खांबांवर भार टाकायचाच नाही. ते तुळईखाली हलके टेकलेले असले की झालं. एखादा खांब अर्धा मिलीमीटर आखूड झाला तर रुळाला त्याचा पत्ताही लागत नाही. आधी खांब उभारून त्यांवर तुळई ठेवणाऱ्याला मात्र चारही खांब एका पातळीत आणताना घाम फुटतो, आणि एवढं करून गाडी प्रत्येक खांबावर हलकी उडी मारते ती मारतेच.

नळीवर ६ मिलीमीटर प्लायची ६२ मिलीमीटर रुंद पट्टी स्क्रू आणि अॅराल्डाइटने बसवा. ती पुलाचा माथा. त्यावर ३ मिलीमीटर कॉर्क, त्यावर रूळ. कॉर्कने आवाज कमी होतो. पोकळ नळी नाहीतर ताशासारखी वाजते. प्लाय आणि कॉर्क मध्ये असल्याने रुळातला करंट अॅल्युमिनियममध्ये उतरायचा धोका नाही, फक्त स्क्रूची टोकं वर डोकावत नाहीत ना ते पाहा. नळीच्या दोन्ही बाजूंना २ मिलीमीटर सनबोर्डच्या (फलकांसाठी वापरतात त्या हलक्या प्लास्टिक पाटीच्या) पट्ट्या तिरप्या लावा: खाली नळीच्या तळाशी, वर माथ्याच्या कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत. झाली काँक्रीटची पेटी. खऱ्या पुलाची ही पेटी दरीच्या एका टोकाला तुकड्यातुकड्याने ओतत आणि हायड्रॉलिक जॅकने ढकलत दरीवर सरकवली होती. असा पूल एक तर सरळ असतो नाहीतर एकाच त्रिज्येच्या वळणाचा. नागमोडी पेटी ढकलता येत नाही. त्यामुळे तुमच्या लेआउटवर पुलावर वळण घ्यायचा मोह झाला तर एकच, सलग वळण घ्या. खरं सांगायचं तर सरळच ठेवा.

एक टोक स्क्रूने पक्कं करा, दुसरं मोकळं. वीस अंशांच्या फरकाने ही नळी अर्ध्या मिलीमीटरहून थोडी जास्त लांब-आखूड होते, आणि लाकडी चौकट ओलीने हलते ती वेगळीच. मोकळ्या टोकाला तुळई दोन पट्ट्यांच्या खाचेत बसवा, म्हणजे ती पुढे-मागे सरकेल पण आडवी हलणार नाही. रुळाचे जोड पुलाच्या टोकावर कधीही ठेवू नका; डोंगराच्या बाजूला दहा सेंटिमीटर आत न्या. मोकळ्या टोकाकडच्या जोडाला एक मिलीमीटर फट, बाकी जोड सोल्डर. पुलाच्या आधी आणि नंतर निदान एका डब्याइतका रूळ सरळ हवा. एलएचबी, म्हणजे नव्या धाटणीचा लांब प्रवासी डबा साडेतेवीस मीटरचा, एचओत २७ सेंटिमीटर. वळणातून थेट पुलावर आलेली गाडी कडेला झुकलेली असते, आणि इथे कडेला झुकणं महागात पडतं.

या टप्प्यावर थांबून गाडी चालवून बघा. खांब नाहीत, दरी नाही, नुसती हवेत तुळई. जे काही बिघडायचं ते आत्ता बिघडू दे. खाली एक गादी टाका.

खांब

खांबाचे चार भाग: मधला रॉड, त्यात ओवलेल्या चकत्या, बाहेरची कातडी आणि वरचं डोकं. मी अष्टकोनी, वर निमुळता होत जाणारा खांब सांगतो. तो जमला की चौकोनी खांब डाव्या हाताचा खेळ.

सर्वात उंच खांब साधारण ४१ सेंटिमीटरचा. रुळापासून दरीच्या तळापर्यंतच्या ४५ मधून रूळ, कॉर्क, प्लाय आणि नळी मिळून चार सेंटिमीटर गेले. तळाशी समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर ४८ मिलीमीटर, वर ३६. अष्टकोनाची एक बाजू या अंतराच्या ०.४१४ पट असते, म्हणजे तळाशी २० मिलीमीटर आणि वर १५. हा आकडा एकदा लिहून ठेवा, मग कोनमापक लागत नाही.

चारही खांब पूर्ण ४१ सेंटिमीटरचेच बनवा. बाजूच्या दोन खांबांना पंचवीस-तीस सेंटिमीटरच लागतील, पण ते वेगळ्या मापाने करायचे नाहीत. वरची मापं सगळ्या खांबांना सारखी ठेवायची आणि उंची तळातून कापून टाकायची. असं केलं की निमुळतेपणा चौघांचा एकसारखा राहतो आणि पट्ट्या कापायला एकच पुठ्ठ्याचा नमुना पुरतो.

चकत्या ३ मिलीमीटर एमडीएफच्या. लेझर कटिंगवाल्याकडे फाइल दिली तर चार खांबांच्या चोवीस चकत्या तो बघता बघता कापून देतो. हाताने करायच्या तर चौकोन कापून कोपरे छाटा. एका खांबाला सहा चकत्या, साधारण आठ-आठ सेंटिमीटरवर. कातडी १ मिलीमीटर जाड असेल तर चकतीचं माप बाहेरच्या मापापेक्षा २ मिलीमीटरने कमी: तळाची ४६, वरची ३४, मधल्या त्या हिशेबात. प्रत्येकीच्या मध्यावर ६ मिलीमीटरचं भोक. भोक मध्यावर नसलेली चकती फेकून द्या. तिच्यावर पॉलिश पेपर घासत बसण्यात अर्थ नाही.

६ मिलीमीटरचा आट्यांचा रॉड घ्या आणि चकत्या त्यात ओवा. प्रत्येक चकतीच्या खाली-वर एक-एक नट. रॉड तळाशी नऊ सेंटिमीटर बाहेर राहू द्या, तो ओट्यातून खाली जाऊन विंग नटने आवळला जाणार आहे. सगळ्या चकत्यांची एक बाजू टेबलावर टेकवून एका रेषेत आणा, मगच नट कसा. इथे घाई केली तर खांब जिलबीसारखा पिळतो आणि ते रंगवल्यावर जास्तच दिसतं.

कातडीच्या आठ पट्ट्या: खाली २०, वर १५ मिलीमीटर. स्टायरीन शीट मिळाली तर उत्तम, नाहीतर १ मिलीमीटर सनबोर्ड किंवा चांगला घट्ट ग्रे बोर्ड. ग्रे बोर्डला चिकटवल्यावर दोन हात प्रायमर लागतो. समोरासमोरच्या दोन पट्ट्या आधी, मग त्यांच्या काटकोनातल्या दोन, आणि तिरप्या चार शेवटी. क्रम पाळला तर खांब वाकडा व्हायला वावच राहत नाही. सांध्यांत पुट्टी भरा, वाळल्यावर दोनशेवीसच्या आणि मग चारशेच्या पॉलिश पेपरने घासा. धार अगदी बोथट करू नका, काँक्रीटच्या खांबाची कड लांबून ठळक दिसते.

वर ४४ मिलीमीटरचं डोकं, त्यावर बेअरिंगचे दोन छोटे ठोकळे. ठोकळे रबराचे घ्या, सायकल ट्यूबचे तुकडे चालतात. तुळई त्यांवर नुसती टेकते, चिकटवायची नाही.

आता खांब उभा करणे, म्हणजे खरी परीक्षा. निमुळत्या खांबाच्या अंगाला स्पिरिट लेव्हल लावून काही कळत नाही, कारण अंगच तिरपं आहे. इथे ओळंबा लागतो. तुळईच्या कडेवरून दोऱ्याला जड नट बांधून सोडा. खांबाच्या डाव्या बाजूला दोरा आणि खांब यांच्यातली फट वर मोजा, तळाशी मोजा, वजाबाकी करा. तेच उजवीकडे. दोन्ही वजाबाक्या सारख्या आल्या की खांब त्या दिशेने ओळंब्यात आहे. आपल्या खांबाला तळापासून डोक्यापर्यंत प्रत्येक बाजूला ६ मिलीमीटर फरक यायला हवा. एकीकडे ५ आणि दुसरीकडे ७ आले तर खांब एक मिलीमीटर कललाय. तळाखाली पाचर सारा आणि पुन्हा मोजा. मग समोरून आणि मागून हेच. डोळ्याला एका खांबाचा एक मिलीमीटर कळत नाही, पण चार खांब ओळीने उभे राहिले की कललेला खांब लगेच वेगळा पडतो.

तळाखालची पाचर, वर आलेला नट, थोडी फट, हे सगळं नंतर प्लास्टर आणि मातीखाली जाणार आहे. चुका ढकलायच्या त्या खाली, जमिनीत.

हाच रॉड-चकतीचा सांगाडा गिरणीच्या चिमणीलाही चालतो. परळ-लालबागचा देखावा करणाऱ्यांनी अष्टकोनाऐवजी गोल चकत्या घ्याव्यात आणि वर जाड कागद शंकूसारखा गुंडाळावा. प्लंबरची पीव्हीसी नळी निमुळती होत नाही, म्हणून ती चिमणी कधीच वाटत नाही. त्याहून सोपं म्हणजे खरादीकडून लाकडी शंकू उतरवून घेणं. विटांची छापील शीट घेताना माप तपासा: एचओत वीट अडीच मिलीमीटरच्या आसपास लांब असते, बाजारातल्या बऱ्याच शीटवर ती दुप्पट असते आणि चाळीस सेंटिमीटरची चिमणी त्या विटांमुळे विटांच्या भट्टीएवढी दिसायला लागते. टॉवर आणि चाळींबद्दल एवढंच सांगेन की एक मजला ३५ मिलीमीटर धरा, आणि मागच्या रांगेतल्या इमारती एन स्केलच्या करा.

दरी

डोंगरउतार थर्माकोलच्या किंवा निळ्या इन्सुलेशन फोमच्या पाट्या एकावर एक रचून. गरम तारेने कापत असाल तर खिडकी उघडी ठेवा. वरून पीओपीमध्ये बुडवलेल्या मलमपट्टीच्या जाळीचे दोन थर. उतार दोन्हीकडे सारखा ठेवू नका. एक बाजू उभी, एक बाजू पसरट. खांबांभोवती प्लास्टर भिडवताना आधी खांबांना प्लास्टिकची पिशवी घाला, आणि खांबाच्या तळाभोवती मेणकागद गुंडाळा म्हणजे पुढे कधी खांब काढायचा झाला तर प्लास्टर फोडावं लागणार नाही.

कोकणाचा रंग हिरवा आहे असं ज्याला वाटतं त्याने डिसेंबरनंतर गेलं पाहिजे. वर सड्यावरचं गवत तोवर पिवळं पडलेलं असतं, कातळ काळपट, आणि मार्गासाठी जिथे डोंगर कापलाय तिथे जांभा उघडा: लाल, विटकरी, मधेमधे गेरूसारखा आणि भोकाभोकांचा. आधी ऋतू ठरवा आणि मग त्यालाच धरून राहा. पावसाळा ठरवला तर वहाळाला गढूळ तांबडं पाणी द्या, निळं नको. जांभ्याच्या कापासाठी ओल्या पीओपीवर ताठ केसांचा ब्रश ठोकत जा. आलेल्या खड्ड्यांत पातळ काळा-तपकिरी रंग सोडा आणि उंचवट्यांवर कोरड्या ब्रशने विटकरी फिरवा.

उंचीचा भास वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय झाडांमध्ये आहे. रुळाच्या पातळीवर, डोंगराच्या माथ्यावर एचओची झाडं लावा, आंबा-काजू दहा-बारा सेंटिमीटरचे. दरीत उतराल तशी झाडं लहान करत जा, तळाशी आणि मागे एन स्केलची, रंग थोडा फिका, निळसर. वहाळाकाठी एखादं छोटं कौलारू घर ठेवायचं तर तेही एन मापाचंच. आणि एक माणूस, पुलाकडे तोंड करून, तोही एन मापाचा. हा माणूस ठेवल्याशिवाय पूल केवढा उंच आहे ते कुणालाच कळत नाही. एचओचा माणूस मात्र चुकूनही खाली ठेवू नका. त्याची दोन सेंटिमीटरची उंची बघणाऱ्याच्या हातात फूटपट्टी देते.

रंग आणि बारकावे

नवं काँक्रीट राखाडी, पण कोकणात ते तसं फार काळ राहत नाही. पायाचा रंग म्हणून पांढऱ्यात थोडा काळा आणि कणभर पिवळा मिसळून उबदार राखाडी करा. मग अगदी पातळ काळा-तपकिरी रंग, त्यात भांड्याच्या साबणाचा थेंब, आणि ब्रश वरून खाली एकाच ओढीत. पावसाचे ओघळ माथ्याच्या पाणी जाणाऱ्या नळ्यांखाली आणि खांबाच्या डोक्याखाली जास्त गडद असतात, खाली येता येता विरतात. तळाच्या बोटभर भागात शेवाळी हिरवा. सरकत्या साच्याने ओतलेल्या खांबावर ठळक आडवे पट्टे नसतात, त्यामुळे दर इंचाला आडवी रेघ मारायचा उत्साह आवरा.

काळही ठरवावा लागतो. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग १९९८ च्या २६ जानेवारीला खुला झाला आणि विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. त्याआधीचा देखावा करायचा तर विजेचे खांब नकोत, डिझेल इंजिनं चालवा, आणि मालट्रक लादलेली रो-रो गाडी जरूर ठेवा. खुल्या वॅगनवरचे ट्रक दरीवरून जाताना जे दिसतं ते दुसऱ्या कुठल्या गाडीने दिसत नाही. २०२२ नंतरचा काळ असेल तर विजेचे खांब तुळईच्या कडेला बसवा, त्यांची भोकं मात्र रूळ घालायच्या आधी पाडून ठेवा.

एक छोटी गोष्ट जाणकाराला खूश करेल. पानवलच्या पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र आहे. मांडवी, झुआरी आणि शरावतीच्या पुलांवरही आहे. वारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की गाड्या थांबवतात. एका टाचणीवर बारीक तारेचे तीन हात आणि प्रत्येकाच्या टोकाला मोहरीएवढी वाटी, कठड्याशेजारी एका पातळ नळीवर. वाट्यांसाठी जुन्या रिमोटच्या बटणांची रबरी झिल्ली कापून बघा.

कठडा पितळी तारेचा सोल्डर करून केला तर टिकतो. त्याच्या आत, दोन्ही रुळांच्या मधल्या बाजूला गार्ड रेल, म्हणजे घसरलेली चाकं पुलाबाहेर जाऊ न देणारे जादा रूळ, हवेतच. ते खऱ्या पुलावरही असतात, आणि इथे तर ते तुमच्या इंजिनाचा विमा आहेत. धावत्या रुळापासून ३ मिलीमीटर आत, उंचीला किंचित कमी, आणि दोन्ही टोकं मध्ये वळवून एकमेकांजवळ आणलेली. धावत्या रुळाला ते कुठेही टेकता कामा नयेत, नाहीतर शॉर्ट सर्किट शोधण्यात रविवार जाईल. घरात लहान मुलं असतील तर दरीच्या पुढच्या कडेला २ मिलीमीटर अॅक्रिलिकचा पारदर्शक फलक लावा, रुळाच्या चार बोटं वर येईल एवढा. तो कुणाला आवडत नाही. पण ४५ सेंटिमीटरवरून पडलेल्या इंजिनाचे बफर आणि हँडरेल परत मिळत नाहीत, हेही खरं.

चाचणी

आधी तुळईच्या मधल्या गाळ्यावर दोन किलो वजन ठेवून रात्रभर सोडा. सकाळी सरळ पट्टी लावून माथा बघा. मग बोटाने तुळई आडवी ढकला. मिलीमीटरभरापेक्षा जास्त हलली तर मोकळ्या टोकाची खाच सैल आहे, तिथे पातळ पत्र्याची पट्टी घाला.

गाड्यांत सर्वात जड इंजिन एकटं, दोन्ही दिशांनी. त्यानंतर पूर्ण लांबीची गाडी, ओढत. शेवटी तीच गाडी उलटी, मागून ढकलत, आणि सगळ्यात हलका रिकामा वॅगन पुढच्या टोकाला ठेवून. ओढताना वर्षभर न दिसणारे दोष ढकलताना पहिल्या फेरीत दिसतात. रुळाला लागलेली पुट्टी, रंग, गवताचे तंतू आधी पुसून घ्या. पुलावर मोठ्या हाताने रूळ घासायचा नाही, लाकडी पट्टीला कापड गुंडाळून कडेने ओढा. पहिल्या पावसाळ्यानंतर ओट्याखालचे विंग नट एकदा तपासा आणि ओळंबा पुन्हा सोडा. लाकूड हललेलं असेल तर पाचर तिथेच आहे, पाव फेरा नट सैल करून ती सारता येते.